उजवं म्हणजे डावं

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला, ऊन तापायच्या आत,
आम्ही सोहारच्या मागे वाडीत जमतो.
इथे वाडी म्हणजे गाव नव्हे, कोरडा ओढा;
हे कळायला मला पहिलं वर्ष गेलं.

तिघं. तिघांचं मिळून वय एकशे त्र्याण्णव.
मी, बंदरावरून निवृत्त झालेला खमीस अल मकबाली,
आणि कुंजप्पन, ज्याला अँजिओप्लास्टीनंतर
धावायची बंदी आहे, म्हणून तो फक्त
विमान पडलं की "पडलं" असं सांगतो.

माझ्या विमानाचं नाव टिटवी.
अकरा महिने बाल्साच्या काड्या कापल्या, जेवणाच्या टेबलावर.
हेमांगी अकरा महिने मांडीवर ताट घेऊन जेवली
आणि एकदाच म्हणाली,
"संसाराला एवढं पॉलिशपेपर मारलं असतंस तर!"

टिटवीही म्हणे समुद्र आटवते.
एकतीस वर्षं मी पगार घेऊन तेच करतोय,
खाऱ्याचं गोडं पाणी.
समुद्र आहे तिथेच आहे.
केस आटले.

आता अडचण सांगतो.
विमान लांब जात असतं तेव्हा उजवं ते उजवं.
तुमच्याकडे यायला लागलं की उजवं म्हणजे डावं.
एवढंच.
खमीसचा नातू, नऊ वर्षांचा,
चिप्सचं पाकीट दातांत धरून
विमान उलटं उडवतो, पोट आभाळाकडे,
आणि मला विचारतो, "अंकल, तुम्ही डोळे का मिटता?"

मिटत नाही रे राजा. शोधतो.
चष्म्याच्या वरच्या काचेत आकाश,
खालच्या काचेत रिमोट,
मधल्या रेघेत विमान हरवतं.
लोक हिला चाळिशी म्हणतात, माझी आता बासष्टी आहे.
मान वर केली की मणका बोलतो,
खाली घातली की कुंजप्पन.

पहिल्यांदा पाडली ती वाऱ्याने.
दुसऱ्यांदा उडालीच नाही: गाडीच्या डिकीत
दुपारभर राहिली, सेहेचाळीस अंशांत,
आणि पंख भाजल्या पापडासारखा वळला.
तिसऱ्यांदा ससाणा आला. खराखुरा, कुणाचा तरी पाळलेला.
टिटवीभोवती दोन चकरा मारल्या,
वरून बघितलं, खालून बघितलं,
आणि मुलगी नापसंत केल्यासारखा निघून गेला.
अपमानाने माझा अंगठा घसरला.

परवा तर थेट शेळ्यांत.
उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात,
सालेम पांढऱ्या पिकअपमधून हाकतो,
काच खाली करून, हॉर्न वाजवत.
त्यानेच टिटवी आणून दिली,
एका हातात पंख, दुसऱ्या हातात बाकीचं सगळं,
इतक्या अदबीने, की माझंच पोर
त्याच्या दारात खोड्या काढून आलं असावं.
शेपटीवरचा लाल कागद शेळीने खाल्ला होता.
"तिला काही होणार नाही ना?" मी विचारलं.
"इन्शाल्ला," तो म्हणाला,
आणि माझ्या मांडीवर खजुराची पिशवी ठेवली,
सुतकाच्या घरी पिठलं-भात द्यावा तशी.

मार्चमध्ये करार संपतो.
एअरलाइनला फोन केला. पंख, पाच फूट चार इंच.
मुलगी म्हणाली, "सर, एवढं मोठं नाही घेता येणार.
सुटं करता येईल का?"
म्हटलं, बाई, तेवढं एक मला उत्तम जमतं.

काल रात्री पुन्हा टेबल, पुन्हा गोंद,
समोर मांडीवर ताट घेऊन हेमांगी.
"शेपूट उलटी लावतोयस," म्हणाली.
मी शांतपणे समजावलं:
तू समोर बसली आहेस, विमान तुझ्याकडे येतंय,
म्हणून तुला तसं दिसतं. हे विज्ञान आहे.

ती उठली, ताटासकट,
माझ्या बाजूला आली, वाकून पाहिलं,
आमटीचा एक भुरका मारला.

उलटीच होती.